भटकणारें मन व प्रार्थना

(महोत्सवाच्या पूर्वतयारीसाठीं भरलेल्या चिंतनसभेंत धर्मग्रामस्थांपुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाचा काळ हा हिशेबाचा काळ असतो. आपल्या वाडवडिलांनीं हें देवमंदिर कसें उभारिलें, किती बालकांस येथें स्नानसंस्कार मिळाला, किती जोडप्यांनीं या वेदीपुढें एकमेकांचा हात धरिला, आणि किती जणांस येथूनच अखेरचा निरोप देण्यांत आला, याची नोंद आपण या दिवसांत कौतुकानें वाचतों. आणि ती वाचावीच. परंतु एक हिशेब असा आहे कीं जो कोणत्याहि नोंदवहींत सांपडत नाहीं. इतक्या वर्षांत या छपराखालीं जे असंख्य शब्द प्रार्थना म्हणून उच्चारिले गेले, ते उच्चारीत असतां आपलीं मनें कोठें होतीं? शरीरें येथें गुडघे टेकून होतीं, हें खरें. पण मनें?

हा प्रश्न मी कोणास लाजविण्यासाठीं विचारीत नाहीं. पुष्कळ भाविक माणसें कष्टी होऊन सांगतात, "जपमाळ हातांत घेतली कीं मन सारा गांव फिरून येतें. ओठ नमो मरिया म्हणतात आणि डोक्यांत बाजार भरलेला असतो. अशी प्रार्थना देवाला काय पावणार? त्यापेक्षां न केलेली बरी." आणि खरोखरच कित्येक जण ती सोडून देतात. देवावर राग धरला म्हणून नव्हे, श्रद्धा उडाली म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मनाची लाज वाटली म्हणून. ज्या घरांत संध्याकाळची जपमाळ बंद पडली आहे, तेथें पुष्कळदां आळसापेक्षां ही निराशाच अधिक असते. त्या निराशेविषयीं मला आज बोलावयाचें आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे: मन भटकणें हा प्रार्थनेचा शेवट नव्हे. तें भटकलें आहे हें आपल्या ध्यानांत येणें, आणि तेथून आपण देवाकडे परतणें, हीच पुष्कळदां खऱ्या प्रार्थनेची सुरुवात असते.

प्रथम या मनाची ओळख करून घेऊं. मिस्सा सुरू होते. पहिलें वाचन सुरू होऊन चार वाक्यें होतात न होतात, तोंच एकाला घरच्या गॅसची आठवण होते, तो बंद केला कीं नाहीं. दुसऱ्यास पुढील बाकावर बसलेल्या माणसानें गेल्या वर्षीं केलेला अपमान आठवतो, आणि त्याला तेव्हां काय उत्तर द्यावयास हवें होतें याची जुळवाजुळव सुरू होते. तिसऱ्याच्या खिशांत मोबाइल नुसता थरथरला, तरी त्याचें अर्धें मन खिशांत उतरतें. विरारच्या गाडींत उभ्यानें प्रवास करणारा माणूस गाडींत असतांना कचेरींत असतो, कचेरींत असतांना घरीं असतो, आणि घरीं मुलांजवळ बसला म्हणजे पुन्हां गाडींत जाऊन उद्यांची वेळ पाहूं लागतो. जेथें देह आहे तेथें मन नाहीं, असा हा आपला नित्याचा संसार आहे. यांत विशेष हें कीं, आपण गेलों आहों हें आपणांस जातांना कळत नाहीं. मन उंबरठा ओलांडून जातें तेव्हां दाराची कडी वाजत नाहीं.

ही केवळ आपल्या गांवची किंवा आपल्या काळची गोष्ट नव्हे. २०१० सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या किलिंग्जवर्थ व गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनीं एक शोध प्रसिद्ध केला. त्यांनीं २,२५० प्रौढ माणसांस दिवसांतून मधून मधून त्यांच्या फोनवरून गांठून विचारलें कीं, या क्षणीं तुम्ही काय करीत आहां, तुमचें मन त्याच कामावर आहे कीं दुसरीकडे, आणि तुम्हांस कसें वाटत आहे. उत्तरांपैकीं जवळजवळ ४७ टक्के उत्तरांत मन हातांतील कामावर नव्हतें. आणखी असें दिसलें कीं, मन भटकलेलें असतांना माणसें अधिक असमाधानी असतात. आपण काय करीत आहों यापेक्षां आपण कशाचा विचार करीत आहों, यावरच आपलें सुखदुःख अधिक अवलंबून असतें, असा त्यांचा निष्कर्ष होता. शास्त्रज्ञांनीं हें मोजून दाखविलें. परंतु ज्यांनीं आयुष्यभर प्रार्थनेचाच उद्योग केला, त्यांस तें सोळाशें वर्षांपूर्वींच ठाऊक होतें.

चौथ्या शतकांत मिसर देशाच्या वाळवंटांत हजारों ख्रिस्ती तपस्वी राहावयास गेले. गलबला मागें टाकला म्हणजे मन आपोआप शांत होईल, असें एखाद्यास वाटेल. पण तेथें गेल्यावर त्यांस दिसून आलें कीं, बाजार तेवढा मागें राहिला. त्याचा कोलाहल मात्र आपणच डोक्यांत घालून येथवर आणला आहे. त्यांच्यापैकीं एव्हाग्रियस नांवाचा विद्वान तपस्वी, जो ३९९ सालीं वारला, त्यानें माणसाच्या मनास छळणाऱ्या विचारांचे आठ वर्ग लावले. भर दुपारीं तपस्व्यास येणाऱ्या कंटाळ्याचें त्यानें केलेलें वर्णन इतकें हुबेहूब आहे कीं, वाचणाऱ्यास हसूं येतें: सूर्य जणूं जागचा हालतच नाहीं, दिवस पन्नास तासांचा झाला आहे असें वाटतें, आणि बिचारा तपस्वी पुन्हां पुन्हां खिडकींतून पाहतो, जेवणाच्या वेळेस अजून किती अवकाश आहे, आणि कोणी भेटावयास तर येत नाहीं ना! यावर एव्हाग्रियसनें दिलेला सल्ला लक्षांत ठेवण्यासारखा आहे. विचारांस नुसतें झोडपीत बसूं नका, त्यांच्यावर नजर ठेवा, असें तो सांगतो. कोणता विचार केव्हां येतो, केव्हां जोर करतो, केव्हां ओसरतो, आणि कोणाच्या मागून कोण येतो, हें नीट पाहून ठेवावें. चोर कोणत्या वाटेनें येतो हें एकदां कळलें म्हणजे घरधनी निम्मा निर्भय होतो.

त्याच सुमारास जॉन कॅसियन नांवाचा एक तरुण आपल्या मित्रासह त्या वाळवंटांतील वृद्ध तपस्व्यांस भेटावयास गेला. मन एका जागीं ठरत नाहीं, त्यास काय करावें, हीच त्या दोघांची तक्रार होती. कॅसियननें पुढें लिहून ठेविलेल्या संभाषणांत मोशे नांवाच्या एका वृद्ध तपस्व्याचें उत्तर आहे. मन हें पाण्याच्या जोरानें फिरणाऱ्या जात्याप्रमाणें आहे, असें तो म्हणतो. पाण्याचा प्रवाह चालू आहे तोंवर जातें फिरणारच. तें थांबविणें दळणाऱ्याच्या हातीं नाहीं. मात्र त्यांत गहूं घालावयाचे, जव घालावयाचे कीं विषारी बी घालावयाचें, हें सर्वस्वी त्याच्याच हातीं आहे.

भगिनींनो, ही उपमा आपणांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. आपल्या आज्या-पणज्या पहांटे जात्यावर बसत, तेव्हां हात फिरत राही, मन फिरत राही, आणि त्या फिरणाऱ्या मनाच्या तोंडीं त्या ओवी घालीत. ओवी ही मनाला दिलेली वैरण होती. इंग्लंडांत जन्मून १५७९ सालीं गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांस हें मर्म कळलें होतें, म्हणूनच त्यांनीं तारणाची सारी कथा सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांत गायिली. त्यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. रिकामें जातें फिरूं दिलें तर तें स्वतःसच झिजवितें. त्यांत देवाची कथा घातली तर पीठ निघतें. त्या वाळवंटांतील तपस्वी हेंच निराळ्या रीतीनें करीत. देवानें आपल्या साहाय्यास त्वरेनें यावें, अशी विनवणी करणारें सत्तराव्या स्तोत्राचें पहिलें वचन ते उठतां, बसतां, काम करतां, निजतां मनाच्या तोंडीं ठेवीत. तेंच वचन आजहि आपल्या ख्रिस्तसभेच्या नित्य प्रार्थनाविधीच्या आरंभीं म्हटलें जातें.

आतां ज्या संताच्या उदाहरणानें माझें म्हणणें सर्वांत स्पष्ट होईल, त्याच्याकडे वळतों. १५२१ सालच्या मे महिन्यांत पांप्लोना येथील लढाईंत तोफेचा गोळा लागून इग्नाती नांवाचा एक स्पॅनिश सरदार जायबंदी झाला. त्यास लोयोला येथील त्याच्या घरीं आणण्यांत आलें. पाय दुरुस्त होईपर्यंत अंथरुणावर पडून राहणें प्राप्त झालें. त्यास शूर वीरांच्या कादंबऱ्या वाचावयाचा नाद होता. त्यानें त्या मागितल्या. पण त्या वाड्यांत तशी एकहि सांपडेना. तेव्हां जें हातीं आलें तें देण्यांत आलें: एक प्रभु ख्रिस्ताचें चरित्र, व एक संतांच्या कथांचें पुस्तक. वाचून कंटाळा आला म्हणजे तो पुस्तक मिटून मनोराज्यें करूं लागे. एका थोर घराण्यांतील स्त्रीस कसें भेटावें, तिच्याशीं काय बोलावें, तिच्यासाठीं कोणता पराक्रम करावा, या विचारांत त्याचे दोन-दोन, तीन-तीन, चार-चार तास निघून जात, आणि तें त्याच्या ध्यानांतहि येत नसे. कधीं मन दुसरीकडे धांवे: संत फ्रान्सिसनें जें केलें, संत डॉमिनिकनें जें केलें, तें मींहि करावें, अनवाणी यरुशलेमेस जावें, नुसता पाला खाऊन राहावें!

बंधूंनो, पाहा, दोन्हीहि भटकंतीच होत्या. पण एके दिवशीं त्यास एक फरक दिसला. पहिल्या प्रकारचे विचार चालू असतांना मोठे गोड लागत. ते सरले म्हणजे मात्र मन कोरडें व असमाधानी राही. दुसऱ्या प्रकारचे विचार चालू असतांना गोड लागत, आणि सरल्यावरहि मन आनंदित राही. हा फरक दिसला तेव्हां आपले डोळे थोडेसे उघडले, असें त्यानें पुढें आपल्या आत्मवृत्तांत सांगितलें आहे. त्या क्षणीं त्यानें कोणतें मोठें कृत्य केलें? कांहींच नाहीं. तो जागचा हालूंहि शकत नव्हता. त्यानें फक्त आपलें मन कोठें जातें व तेथून कसें होऊन परततें हें पाहिलें. त्या पाहण्यांतून पुढें संत इग्नातीच्या अध्यात्मसाधना जन्मास आल्या. पोप तिसरे पॉल यांनीं १५४८ सालीं त्या पुस्तकास मान्यता दिली, आणि आजतागायत अगणित माणसें त्या वाटेनें देवाकडे गेलीं. आजारी माणसाचें भटकणारें मन, आणि त्याकडे घटकाभर लक्ष देणें, एवढ्याशा उगमांतून केवढा ओघ निघाला!

येथें कोणी मला अडवून विचारील, "हें सर्व ठीक, पण प्रार्थनेंत मन भटकलें तर तें पाप कीं नाहीं?" प्रश्न रास्त आहे, आणि कित्येकांच्या अंतःकरणास तो कांट्यासारखा बोंचत असतो. तेराव्या शतकांतील महापंडित संत थॉमस अक्विनास यांनीं त्याचें उत्तर देऊन ठेविलें आहे. ते म्हणतात, प्रार्थनेंतील अवधान तीन प्रकारचें असतें: शब्द चुकूं नयेत म्हणून शब्दांकडे दिलेलें, शब्दांच्या अर्थाकडे दिलेलें, आणि ज्याच्याशीं आपण बोलतों त्या देवाकडे व ज्यासाठीं मागतों त्या गोष्टीकडे दिलेलें. यांपैकीं तिसरें सर्वांत आवश्यक. आणि तें निरक्षर माणसासहि साधतें. जाणूनबुजून मन भटकूं दिलें तर तो देवाचा अनादर होय. परंतु मनुष्यस्वभावाच्या दुर्बळतेमुळें, नकळत, मन निसटलें, तर आरंभीं ज्या हेतूनें आपण प्रार्थनेस बसलों तो हेतु प्रार्थनेस धरून ठेवितो व तिचें पुण्य जात नाहीं. जातें तें एवढेंच, कीं त्या प्रार्थनेपासून मनास मिळावयाचा तजेला. तेव्हां ज्या माउलीनें दिवसभर राबून, पेंगुळल्या डोळ्यांनीं जपमाळ हातीं घेतली आणि तिसऱ्या रहस्यापर्यंत आपण कोठें आहों हेंच ती विसरली, तिनें देवास रिकामे हात दाखविले असें मानूं नये. ती देवासाठीं बसली होती, आणि देवास तें ठाऊक आहे.

संतांचीं चरित्रें आपण लांबून पाहतों, म्हणून आपणांस वाटतें कीं ते सारे अखंड समाधींत असत. वस्तुस्थिति तशी नाहीं. आव्हिलाची संत तेरेजा, जी प्रार्थनेची गुरुमाता मानली जाते, तिनें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे कीं, कित्येक वर्षें प्रार्थनेचा तास केव्हां संपतो व घड्याळाचा ठोका केव्हां पडतो, याकडेच आपलें लक्ष असे. पुढें १५७७ सालीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, अंतरींच्या दुर्गाविषयींचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहीत असतांना ती सांगते कीं, या घटकेस माझ्या डोक्यांत जणूं नद्यांचे लोंढे खळाळत आहेत व पक्ष्यांची किलबिल चालली आहे. आणि मग तिला उपमा सुचते तीहि जात्याचीच! चक्कीचा खडखडाट चालूं द्यावा, आपण आपलें पीठ दळीत राहावें, असा तिचा उपदेश आहे. आपल्या काळास अधिक जवळची, १८९७ सालीं अवघ्या चोविसाव्या वर्षीं निवर्तलेली लिझ्यूची लहानगी संत तेरेजा हिला प्रार्थनेंत झोप येई. आणि एकटीनें जपमाळ म्हणणें तर तिला प्रायश्चित्ताचें साधन अंगावर वागविण्याहूनहि कठीण जाई. कितीहि प्रयत्न केला तरी मन रहस्यांवर ठरत नसे. याचें तिला बहुत दिवस दुःख होतें. पुढें तिनें तें दुःख सोडलें. स्वर्गींची माता माझी इच्छा पाहते व तेवढ्यावर संतोष मानते, अशी तिची खात्री झाली. १९७० सालीं पहिलीस व १९९७ सालीं दुसरीस ख्रिस्तसभेनें आचार्यपद दिलें. म्हणजे ज्यांचीं मनें भटकत होतीं, त्यांच्याच पायाशीं बसून प्रार्थना शिका, असें ख्रिस्तसभा आपणांस सांगते.

तर मग मन भटकलें आहे असें ध्यानांत आल्यावर काय करावें? बहुतेक जण या वेळीं एक दुसरी चूक करितात: ते स्वतःवर रागावतात. मग पहिला विक्षेप बाजूस राहून हा रागच मोठा विक्षेप होऊन बसतो. संत फ्रान्सिस दि सेल्स यांनीं १६०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या भक्तिमार्गावरील ग्रंथांत या गोष्टीस एक स्वतंत्र प्रकरणच दिलें आहे. आपल्या दोषांची खंत करावी, पण ती शांतपणें. आपल्या अंतःकरणास दटावण्यापेक्षां कनवाळूपणें समजवावें, असा त्यांचा आग्रह आहे. वाडींतलें वासरूं दावें तोडून शेजारच्या मळ्यांत शिरलें, तर शहाणा शेतकरी त्यास बडवीत बसत नाहीं. गळ्याभोवतीं हात घालून परत आणतो. दहादां गेलें तर दहादां आणतो. अर्ध्या घटकेच्या प्रार्थनेंत तुमचें मन वीसदां गेलें आणि वीसदां तुम्हीं तें परत आणलें, तर तुम्हीं वीसदां देवाची निवड केली. मन एकदांहि हाललें नसतें, तर ही निवड करण्याची संधि कोठून आली असती?

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची. मन कोठेंहि जात नाहीं. तें जेथें गुंतलेलें असतें तेथेंच जातें. जेथें आपलें धन तेथें आपलें मन, असा प्रभूच्या शिकवणुकीचा आशय आहे. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथांतहि विक्षेपांविषयीं हेंच सांगितलें आहे: त्यांच्या पाठीमागें शिकाऱ्यासारखें धांवूं नये, तोच सांपळा असतो, आपल्या अंतःकरणाकडे परतावें, आणि आपण कशास चिकटलों आहों हें विक्षेपांवरून ओळखून तें अंतःकरण शुद्ध होण्यासाठीं प्रभूच्या हातीं द्यावें. म्हणजे विक्षेप हा निरोप्या आहे. त्यास दारांतून हांकलून देण्यापूर्वीं त्याच्या हातांतील चिठ्ठी वाचून घ्यावी.

ही चिठ्ठी कधीं साधी असते. परदेशीं गेलेल्या मुलाची आठवण आली, तर तिच्याशीं झुंजूं नये. त्या मुलाचें नांव घेऊन पुढील नमो मरिया त्याच्यासाठीं म्हणावी. विक्षेपच प्रार्थना होऊन जाईल. पण कधीं ती चिठ्ठी कठोर असते. समजा, दोघां भावांत वाडीच्या बांधावरून तंटा आहे. धाकटा मिस्सेस येतो, आणि प्रत्येक वेळीं अर्पणविधि सुरू झाला कीं त्याचें मन नेमकें त्या बांधावर जाऊन उभें राहतें. तो तें मागें ओढतो, तें पुन्हां जातें. तो म्हणतो, सैतान मला मिस्सा ऐकूं देत नाहीं. बाबा रे, कदाचित् तो सैतान नसेल! वेदीपाशीं अर्पण आणिलें असतां भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास जावें, हें प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत सांगितलें आहे. वेदीपुढें झालेली ही आठवण प्रभूनें विक्षेप म्हणून हांकलून लाविली नाहीं. तिलाच त्यानें आज्ञेचें रूप दिलें. महोत्सवाच्या या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतील दोन भाऊ जरी अशी चिठ्ठी वाचून एकमेकांच्या उंबरठ्यावर गेले, तरी रोषणाईवर केलेल्या खर्चापेक्षां तो उत्सव देवास अधिक प्रिय होईल.

अलीकडे सजगतेच्या अभ्यासाचा मोठा बोलबाला आहे. बौद्ध ध्यानपरंपरेंतून घेतलेला हा अभ्यास १९७९ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथें कबाट-झिन यांनीं रुग्णांचा ताण हलका करण्यासाठीं सुरू केला, आणि आज तो शाळांत, कचेऱ्यांत व फोनवरहि शिकविला जातो. आपल्यांतील तरुण विचारतात कीं, ख्रिस्ती माणसानें तो करावा काय? श्वासाकडे लक्ष देणें, आलेला विचार ओळखणें व शांतपणें परतणें, यांत वाईट कांहींच नाहीं; आतांपर्यंत सांगितलेल्या संतवचनांशीं त्याचें नातें उघड आहे. स्वतः संत इग्नातीनें प्रार्थनेची तिसरी रीति म्हणून असें सांगितलें आहे कीं, एकेका श्वासाबरोबर प्रभूच्या प्रार्थनेंतील एकेक शब्द उच्चारावा, व दोन श्वासांच्या मधल्या अवकाशांत त्या शब्दाच्या अर्थाकडे किंवा ज्यास आपण हांक मारतों त्याच्याकडे लक्ष द्यावें. मुंबईंत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनीं १९७८ सालच्या आपल्या ‘साधना’ या पुस्तकांत पौर्वात्य ध्यानपद्धति ख्रिस्ती प्रार्थनेस जोडून दिल्या व हजारोंस मौनाची गोडी लाविली. त्यांच्या लेखनांतील कांहीं मतें मात्र कॅथलिक श्रद्धेशीं विसंगत आहेत, असें रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळानें १९९८ सालीं जाहीर केलें, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

याच मंडळानें १५ ऑक्टोबर १९८९ रोजीं, म्हणजे आव्हिलाच्या तेरेजाच्या सणादिवशीं, ख्रिस्ती ध्यानाविषयीं जें पत्र काढिलें, त्यांत या प्रश्नाचा मध्यबिंदु सांपडतो. इतर धर्मांतील रीति केवळ त्या ख्रिस्ती नाहींत म्हणून झिडकारूं नयेत. परंतु शरीरास लाभणारी शांति म्हणजेच पवित्र आत्म्याचें समाधान असेंहि समजूं नये. प्रार्थना ही युक्ति नव्हे. ती देव व मनुष्य यांची भेट आहे. फरक एवढाच, पण तो मोठा आहे. सजगता सांगते, मन भटकलें तर श्वासाकडे परत ये. आपण परततों तें कोणाकडे तरी परततों. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत मुलगा प्रथम भानावर आला. तेवढें भान अवश्य होतें, त्यावांचून पुढलें पाऊल पडलें नसतें. परंतु भानावर येऊन तो डुकरांच्या कळपाजवळच शांत बसून राहिला नाहीं. तो उठला व बापाकडे निघाला.

आतां घरीं नेण्यासारख्या तीन साध्या गोष्टी सांगतों. पहिली: प्रार्थनेस बसतांच शब्दांस सुरुवात करूं नका. एक मिनिट उगीच बसा, आणि आपलें मन या घटकेस कोठें आहे तें प्रामाणिकपणें देवास सांगा: प्रभो, मी या बाकावर आहें, पण माझें मन दवाखान्यांत आहे. दुसरी: रोज एकदां तरी प्रभूची प्रार्थना अगदीं सावकाश म्हणा, एका श्वासास एक शब्द. पहिल्याच शब्दावर मन रमलें तर पुढें जाण्याची घाई नको. ‘बापा’ या एका शब्दावर घटकाभर राहिलें तरी संत इग्नातीच्या मतें तें योग्यच आहे. तिसरी: रात्रीं निजण्यापूर्वीं पांच मिनिटें आत्मपरीक्षण करा. इग्नातीनें त्याच्या पांच पायऱ्या लाविल्या आहेत: मिळालेल्या देण्यांबद्दल उपकार मानणें, प्रकाश मागणें, दिवसाचा धांडोळा घेणें, क्षमा मागणें, व उद्यांसाठीं संकल्प करणें. धांडोळा घेतांना एवढें विचारा: आज माझें मन पुन्हां पुन्हां कोठें गेलें, आणि तेथून कसें होऊन परतलें? आठ दिवसांत तुम्हांस तुमच्या मनाच्या वाटा ओळखूं येऊं लागतील.

एक सूचना मात्र करितों. एखाद्याचें मन केवळ भटकत नसून रात्रंदिवस जळत असेल, झोप व अन्न सुटलें असेल, जीव नकोसा झाला असेल, तर त्यास नुसता प्रार्थनेचा उपदेश करून घरीं धाडूं नये. तें दुखणें आहे. त्यास डॉक्टरकडे न्यावें, आणि त्याच्या वतीनें प्रार्थना आपण करावी. वैद्याचा हात हाहि देवाचाच हात आहे.

लूकच्या शुभवर्तमानांतील मार्था आपणां सर्वांस जवळची वाटते. प्रभु घरीं आला होता, आणि ती बिचारी त्याच्याचसाठीं राबत होती. प्रभूनें तिच्या श्रमास दोष दिला नाहीं. तिचें मन अनेक गोष्टींत विखुरलें आहे, एवढेंच त्यानें तिला दाखविलें. आणि तें दाखवितांना तिचें नांव दोनदां, मायेनें घेतलें. या महोत्सवांत आपणहि पुष्कळ धांवणार आहों: मंडप आहे, पाहुणे आहेत, जेवणाच्या पंक्ति आहेत. त्या धांवपळींत जेव्हां जेव्हां आपलें मन आपणांपासून दूर गेल्याचें आपल्या ध्यानांत येईल, तेव्हां तें ध्यानांत येणें हीच प्रभूची हांक समजावी, आणि लाज न बाळगतां त्याच्याकडे वळावें. ज्यांच्या घरीं जपमाळ खुंटीवर टांगून राहिली आहे त्यांनीं ती आज रात्रीं खालीं काढावी. मन भटकेल, भटकूं द्या. जातें फिरणारच आहे. आपण त्यांत धान्य घालीत राहावें.

पवित्र मरिया, जिनें सर्व गोष्टी आपल्या अंतःकरणांत सांठवून त्यांचें मनन केलें, ती आपल्या विखुरलेल्या मनांस आपल्या पुत्राच्या चरणांशीं एकत्र आणो, अशी माझी प्रार्थना आहे.